पऱ्हाटीच्या धुरातला तारा

सर, तुमची काच घासण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. घर्र, घर्र, मग थोडं थांबणं, मग पाण्याचा शिपका, आणि पुन्हा घर्र. मी आठवीच्या वर्गावर कविता शिकवत असे आणि लाकडी पार्टिशनच्या पलीकडे प्रयोगशाळेत तुम्ही काचेवर काच ठेवून, मध्ये कुरुंदाची पूड घालून, दुर्बिणीचा आरसा घासत असायचात. मी चाल लावून म्हणायचो आणि तुमची काच नेमकी माझ्या यतीवर येऊन पडायची. मुलं हसू दाबायची. एकदा मी दारातून डोकावून म्हटलं, "सर, दहा मिनिटं थांबता का? कवितेचा तास आहे." तुम्ही मान वर केली नाही. "कविता उद्याही तशीच राहीन, मास्तर. काच वाळली तं चरा पडते." बस्स. पुन्हा घर्र. मी वर्गात परत गेलो आणि उरलेलं कडवं पाठ न म्हणता फळ्यावर लिहून टाकलं. तुमचा माझा संबंध तिथून सुरू झाला.

आजच हे लिहायला का बसलो तेही सांगतो. शाळेची स्मरणिका निघते आहे. त्यांचा फोन आला, की तुमच्यासोबत काम केलेला मीच काय तो एक उरलो आहे, तर एक पान लिहून द्यावं. मी कागद घेतला, 'आमचे सर म्हणजे ज्ञानाची तेवती समई' एवढं लिहिलं आणि तीन दिवस त्या समईच्या पुढे सरकलो नाही. खरं तर असली पानं लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. निवृत्तीचं मानपत्र हवं असलं की अर्धं वर्धा माझ्या नालवाडीच्या घराची पायरी चढतं. ज्याला पाहिलंही नाही त्याच्यावर मी डोळे भरून येतील असं लिहून देतो. तुमच्यावर मात्र गोड शब्द बसत नाही, घसरून पडतो. म्हणून आज दुसरा कागद घेतला. आधी खरं लिहून मोकळं व्हावं, मग समईचं पाहू. तर खरं हे, की तुम्ही मला आवडत नव्हतात. तेव्हाही नाही आणि आता, मी तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा वीसेक वर्षांनी म्हातारा झालो तरीही नाही.

तळेगावला मी आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. बसस्टँडच्या मागे खोली, खाली संत्र्यांच्या पेट्या ठोकणारं दुकान, खिडकीतून हायवे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. तुमचा आरसा पुरा झाला, त्याच्यावर मुलामा चढवून आणलात, पत्र्याच्या नळीत तो बसवलात, आणि एका दुपारी स्टाफरूममध्ये माझ्यासमोर उभे राहून विचारलंत, "तुमचे डोये कसे आहेत?" मला वाटलं, चौकशी करता आहात. मी म्हटलं, "चांगले आहेत, सर." तुम्ही म्हणालात, "मंग संध्याकाळी घरी या. जेवाले." तेवढ्यावर मी हुरळलो. मोठा माणूस, गणितात नावाजलेला, जेवायला बोलावतो! मी धुतलेला सदरा घालून आलो. तुमच्या स्वयंपाकघरात मिट्ट काळोख होता.

ते स्वयंपाकघर मी विसरणं शक्य नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ वाया कशाला घालवायचा, म्हणून तुम्ही जेवण अंधारातच उरकायचात. चुलीसमोर पत्रा उभा केलेला. वहिनी चाचपडत ताटात भाकरी ठेवायच्या, अंबाडीची भाजी कुठे आणि ठेचा कुठे हे बोटाला लागेल तसं. पहिल्याच दिवशी मी ठेच्याचा अख्खा घास भाजी समजून तोंडात घातला आणि नाकातोंडातून पाणी आलं. तुम्ही म्हणालात, "डोये चोळू नका, सुजतात." वहिनी मात्र अंधारातून भडकल्या. "त्या बिचाऱ्याले गूळ देऊ का डोये सांभाळू त्याचे? शेपटीचा तारा पाहाले तुमी दोघं जाता, अन् आंधयी मी होऊन राह्यली." मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही हसायचात, पण दुसऱ्याच्या चुकीवर, आणि चारचौघांत.

तो धूमकेतू कुणाला ठाऊक नव्हता. पेपरात ज्याची चित्रं येतात तसला तो नव्हता. पुढे काही वर्षांनी ज्याच्यासाठी लोक गच्च्यांवर जमले तोही नव्हे. त्याच्या आदल्या वर्षीच तुम्ही गेलात. आपला धूमकेतू गरीब होता. शेपूट नव्हतंच. काचेवर बोट टेकून उचललं की जो डाग उरतो तेवढाच. सूर्याला फेरी घालून परत निघालेला, दर आठवड्याला जास्त दूर, जास्त मंद. मुंबईच्या एका अभ्यासमंडळाकडून तुम्हाला पोस्टकार्ड येई आणि महिन्याच्या शेवटी तुमच्या नोंदी पोस्टकार्डानं जात. शाळेच्या गच्चीवर आपण दिवस मावळला की तासाभरात पोचायचो. पश्चिमेला अमरावतीच्या बाजूचं आकाश. तुम्ही लॉगॅरिथमची वही घेऊन आठवडाभर आधीच आकडेमोड करायचात आणि ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीनं बारीक फुली मारायचात. मग त्या दिवशी, त्या वेळी तो धूमकेतू निमूट येऊन त्या फुलीत बसायचा. मला त्याचा राग यायचा, धूमकेतूचा. इतक्या लांबून येऊन तुमचं ऐकायचं!

त्याची कक्षा तुमच्या मुठीत होती, पण त्याचा उजेड नव्हता. तो आकडेमोडीनं निघत नाही, तो डोळ्यानंच मोजावा लागतो, आणि म्हणून तुम्हाला दुसरे डोळे हवे होते. रीत तुम्ही शिकवलीत तशी अजून पाठ आहे. थेट त्याच्याकडे पाहायचं नाही, जरा बाजूला पाहायचं, मग तो कडेनं उमटतो. त्याचा उजेड मनात धरून ठेवायचा. मग डोळ्याजवळची बारीक नळी फिरवून आसपासचे तारे धूसर करून फुगवायचे, एवढे की तेही त्याच्याइतकेच पसरट दिसावेत, आणि त्यांतल्या कुणाशी तो जुळतो ते ठरवायचं. ताऱ्यांची प्रत नकाशात लिहिलेली. आकडा मोठा तेवढा तारा मंद. प्रत्येकानं आपला आकडा आपल्या चिठ्ठीवर लिहायचा, दुसऱ्याला सांगायचा नाही, आणि सकाळी मधल्या सुट्टीत दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवायच्या. तुमचे नऊ पूर्णांक सहा, माझे नऊ पूर्णांक पाच. तुमचे नऊ आठ, माझेही नऊ आठ. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे पाहून मान हलवलीत. अर्धा इंच असेल. मी ती मान दिवसभर खिशात घेऊन हिंडलो, वर्गात नवी कविता काढली, आणि पार्टिशनपलीकडे सगळं शांत होतं.

आणि खरं सांगू, मला ते आकाश फार प्रिय होतं. थांबून राहायच्या वेळी मी मनातल्या मनात कविता म्हणायचो, कधी ओठांवर यायची. एकदा तुम्ही माझ्या खांद्यावर टकटक केलीत. "तोंड मिटा. तुमच्या वाफेनं भिंग धुकटून राह्यलं." तेव्हापासून मी नाकानं कविता म्हणायला शिकलो.

आता ती संध्याकाळ. फेब्रुवारी संपत आला होता, कापूस वेचून झालेला, शेताशेतांत पऱ्हाटी उपटून ढीग घालून पेटवलेले. गच्चीवरून लांब लांब ते लाल ठिपके दिसत. तुम्हाला ताप होता, म्हणून मी एकटाच वर गेलो. मी बाजूला पाहिलं आणि तो उमटला, आणि सर, तो मला लख्ख वाटला. मी खालचा तारा फुगवून पाहिला. धूमकेतू त्याच्यापेक्षा उजळ! परवापर्यंत तो त्या ताऱ्याहून मंद होता. मी तीनदा पाहिलं. धूमकेतू अधूनमधून एकाएकी भडकतात हे तुम्हीच सांगितलं होतंत. मी चिठ्ठीवर लिहिलं, आठ पूर्णांक आठ. आणि शेऱ्याच्या जागी, कुणी सांगितलं नव्हतं तरी, लिहिलं: 'निरोप घेऊन निघालेल्यानं वळून पाहावं, तसा आज उजळला.' दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी यायच्या आत मुंबईच्या मंडळाला माझ्या नावानं कार्डही टाकलं. तुम्हाला न विचारता. हो, ते चुकलं. मी ते कधी नाकारलं नाही.

मधल्या सुट्टीत तुम्ही चिठ्ठी हातात घेतलीत. स्टाफरूम भरलेली, चहा आलेला. आकड्यावर तुमची नजर एक क्षण थांबली, मग तुम्ही खिडकीतून बाहेर, अमरावतीच्या बाजूला पाहिलंत, मग पुन्हा चिठ्ठीकडे. एवढंच. आणि मग मोठ्यानं वाचलंत, आकडा नाही, शेरा वाचलात. आवाज काढून, चाल लावून, माझीच चाल. हेडमास्तरांच्या कपातला चहा बशीत सांडला, इतके ते हसले. कुणीतरी म्हणालं, "वळून कोणाकडं पाहिलं म्हनता, मास्तर? अजून लगन नाई झालं तुमचं!" तुम्ही लाल पेन काढून माझ्या आकड्यावर आडवी रेघ मारलीत आणि म्हणालात, "कविराज, तिथं पाहाचं असते. सुचू द्याचं नसते." मी विचारलं, "काऊन काटलं, सर? कारण सांगा." चिडलो की माझीही भाषा घरची होते. तुम्ही चहा संपवलात. कारण सांगितलं नाहीत.

आठ-दहा दिवसांनी मंडळाकडून तुम्हाला विचारणा आली. त्याचं उत्तर तुम्ही पोस्टकार्डावर लिहिलंत, उघड्या पोस्टकार्डावर, आणि पेटीत टाकायला माझ्याच हातात दिलंत. "जाता जाता टाकून द्या." मी बसस्टँडपर्यंत ते वाचत गेलो. 'सहाय्यकाची ती नोंद ग्राह्य धरू नये. निरीक्षक नवखा व भावनाप्रधान आहे.' सहीखाली शाळेचा शिक्का. मी ते फाडून गटारात टाकू शकलो असतो. टाकलं पेटीत. पेटीची झडप बंद होतानाचा पत्र्याचा खडखडाट मी अजून तुमच्या नावावर धरतो.

मला माझी चूक कळली ती सहा-सात वर्षांनी. बदली होऊन मी वर्ध्याला आलो होतो. एका संध्याकाळी नालवाडीच्या टोकाला, शेतात पऱ्हाटी जळताना, मी नुसताच आभाळाकडे पाहत उभा होतो आणि धुराच्या पट्ट्यात उतरलेला एक चांगला ठसठशीत तारा विझत आल्यासारखा दिसला. वरचे तारे स्वच्छ. त्या दिवशी धूमकेतू उजळला नव्हता. मी ज्याच्याशी त्याला जोडला तो तारा खाली होता, धुरात. धूमकेतू वर होता, धुराबाहेर. जोडीदार तारा उंचीनं बरोबरीचा घ्यावा, एवढी साधी गोष्ट. आणि तुम्ही चिठ्ठी वाचून खिडकीबाहेर कशाला पाहिलं होतंत, हेही तेव्हाच कळलं. शेतं पेटलेली तुम्ही पाहिलीत. तुम्हाला त्या क्षणी सगळं उमगलं होतं. एक वाक्य होतं ते, सर. 'मास्तर, तारा धुरात होता.' चार शब्द. मी त्या चार शब्दांसाठी तुमची दुर्बीण डोक्यावर घेऊन आष्टीपर्यंत चालत गेलो असतो. माझा डोळा खरा होता, निवड चुकली होती. तुम्ही डोळाच खोटा ठरवलात, कारण त्यानं लोक हसले.

पण हे सगळं मी तुम्हाला तोंडावरही ऐकवू शकलो असतो. जे ऐकवू शकलो नसतो ते पुढे आहे.

त्या कार्डानंतर मी गच्चीवर येणं सोडलं. तुम्ही एकटे जात होतात. पंधरा दिवसांनी वहिनी माझ्या खोलीवर आल्या, पदरात चार संत्री. "ते बोलावून राह्यले तुमाले. आज या." मी म्हटलं, "त्यांच्या तोंडानं बोलवायला सांगा." वहिनी पायरीवरच बसल्या. "थे काय बोलावतीन? त्यायले भाकरीतला खडा दिसत नाई आता, दाताखाली आला म्हणजे समजते. आपण बह्याड आहो का, मास्तर? मले सारं दिसते." मग उठताना म्हणाल्या, "येजा." मी आलो. तुमच्यासाठी नाही आलो.

तुम्ही आधीपासून डोळा लावून बसला होतात. आदल्या दिवशी वारा सुटला होता, आकाश धुतल्यासारखं. फार वेळ तुम्ही हलला नाहीत. मग बाजूला झालात, आणि पहिल्यांदाच तुमच्या आवाजात मला हुकूम ऐकू आला नाही. "पाहा बरं. दिसते का?" मी डोळा लावला. बाजूला पाहिलं. तो होता, सर. तुमच्या पेन्सिलीच्या फुलीत होता, अगदी मंद, नाहीसा होत आलेला, पण होता. मी श्वास रोखला, तो राहिला. नजर काढून पुन्हा लावली, तो तिथेच. मी आकडासुद्धा सांगू शकलो असतो. तुम्ही माझ्या मागे उभे होतात आणि तुमच्या चपलेची टाच उचलल्याचा आवाज येत होता, परीक्षेच्या निकालाला पोरं करतात तसा.

मी म्हटलं, "नाही, सर. नाही दिसत."

मला वाटलं होतं, तुम्ही मोडून पडाल. तेच मला हवं होतं. तुमचा धूमकेतू तुमच्या आधी मेला असं तुम्हाला वाटावं. पण तुम्ही केवढा श्वास सोडलात! जवळजवळ हसून म्हणालात, "मलेही नाई दिसला. म्हणजे गेला तो." आणि माझ्या पाठीवर हात ठेवलात. महिन्याभरात पहिल्यांदा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्हाला धूमकेतूची नव्हे, तुमच्या डोळ्यांची भीती होती. तरण्या माणसालाही दिसला नाही, म्हणजे डोळे ठीक आहेत! मी तुम्हाला मारायला दगड उचलला आणि तुम्ही तो प्रसाद म्हणून हातात घेतलात. दुसऱ्या दिवशीचं कार्डही मीच टाकलं. त्यात होतं, 'कालपासून दोघाही निरीक्षकांना दिसत नाही.' दोघाही निरीक्षकांना! सहाय्यक नाही, नवखा नाही, भावनाप्रधान नाही. माझी एवढी एकच नोंद तुम्ही शंका न घेता उचललीत, आणि तीच खोटी होती.

उन्हाळ्यात बसस्टँडवर वहिनी भेटल्या. मोतीबिंदूचं शिबिर भरलं होतं, गावातले सगळे म्हातारे ट्रॅक्टरमध्ये बसून चालले होते. मी विचारलं, "सर नाही गेले?" त्या म्हणाल्या, "कायचे जातात! म्हणे डोये ठणठणीत आहेत, मास्तरालेही नव्हतं दिसलं." मी मान खाली घालून तिकिटाचे सुटे पैसे शोधत राहिलो. तुम्ही दोन वर्षांनी गेलात शिबिराला, आणि डाव्या डोळ्याला उशीर झाला होता. हे मला बदलीच्या गावी कळलं. मी भेटायला आलो नाही. तुम्ही वारलात तेव्हाही आलो नाही. सगळ्यांना वाटलं, मी जुना अपमान धरून बसलो आहे. तसं वाटू दिलं. अपमान धरून बसलेल्या माणसाला निदान कुणी आत काय आहे ते विचारत नाही. आणि याचाही राग माझा तुमच्यावरच आहे. तुम्ही मला खोटं बोलणारा माणूस समजला असतात, एकदा तरी, तर 'पुन्हा पाहा' म्हणाला असतात. इतक्या लोकांत मला खोटा पाडलात, आणि ज्या दिवशी मी खरोखर खोटं बोललो त्या दिवशी विश्वास ठेवलात.

हे मी स्मरणिकेला देणार नाही. त्यांना समईच देईन, संध्याकाळपर्यंत एक पान होऊन जाईल. हे असंच घडी करून कवितांच्या वहीत राहील आणि माझ्यामागे रद्दीत जाईल.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. दारात पन्नाशीचा एक माणूस, बगलेत हेल्मेट. मी ओळखलं नाही. म्हणाला, "मी पवनारचा. तुमच्या तळेगावच्या सरांच्या मिसेसचा भाचा. आत्या अमरावतीले असते, आमच्या नातेवाइकायजवळ." वहिनी आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना केव्हाच वजा करून बसलो होतो. तो सांगत होता, "नव्वदी पार झाली, पण डोस्कं साफ आहे. शाळेतून तिले फोन आल्ता, तुमी सरांवर लिहून राह्यले म्हणून. थे म्हणे, छापाच्या पह्यले मले वाचून दाखवाले सांग. मास्तरच्या तोंडून." मी म्हटलं, आज नको. तो हसून म्हणाला, "तुमी नाई म्हनसान हेबी तिनं सांगतलंच होतं."

घरात रेंज मिळत नाही म्हणून तो अंगणात गेला आहे, तेवढ्यात हे चार शब्द लिहितो आहे. टेबलावर दोन्ही कागद आहेत. समईचा, एका ओळीचा. आणि हा. बाहेरून त्याचा आवाज येतो आहे, "लागला फोन, सर! जरा मोठ्यानं वाचजा, तिले कमी ऐकू येते. आना तुमचा कागद."